चाळीस फूट जागा

एकतीस वर्षं तो त्या मोठ्या शहरात येत होता, पण त्यानं ते शहर पाहिलं म्हणाल तर फक्त मागच्या बाजूनं. म्युझियम म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढं यायची म्युझियमची मागची भिंत आणि तिथला गळका नळ. राजवाडा म्हणजे राजवाड्यामागची कचरापेटी. प्रवासी संध्याकाळी बसमध्ये चढताना मोबाइल पुढं करायचे, "काका, बघा काय सुंदर आहे!" तो बघायचा, मान डोलवायचा आणि मनात म्हणायचा, असं होय, पुढून असं दिसतं तर.

तो टूरच्या बसवर ड्रायव्हर होता. पन्नास सीटची गाडी, लांबी चाळीस फूट. मालकानं नातीच्या हट्टापायी गाडीच्या दोन्ही अंगांना एक भलामोठा जिराफ रंगवून घेतला होता. शेपटी मागच्या चाकाशी, आणि मान आडवी होत होत थेट पुढच्या दारापर्यंत. जवळ उभं राहिलं की नुसते पिवळे-तपकिरी ठिपके दिसायचे, जिराफ दिसायला लांब जावं लागायचं. बाकीचे ड्रायव्हर विचारायचे, "काय मग, चारा घातला का आज?" तो हसायचा नाही. छप्पन्नाव्या वर्षी जिराफ हाकायची पाळी आली म्हणून तो आधीच वैतागलेला असायचा.

खरं सांगायचं तर गाडी चालवण्याचा त्याला कधी त्रास नव्हताच. त्रास होता ती उभी करण्याचा. तिथं घोडं पेंड खायचं. या शहरानं चौकाचौकात पाट्या लावल्यात, पाहुण्यांचं स्वागत असो. अरे बाबांनो, पाहुण्यांचं स्वागत ठीक आहे, पण पाहुणे ज्यातून आले ती गाडी काय डोक्यावर ठेवायची? मोठ्या बसगाड्यांसाठी मैदान एकच, तेही शहराबाहेर. जायला एक तास, यायला एक तास. क्लीनरची जागा मालकानं केव्हाच बंद केलेली, त्यामुळं गाडीत दुसरं माणूस नाही. टूरचा मॅनेजर प्रवाशांना घेऊन उतरायचा आणि जाता जाता सांगायचा, "काका, तुम्ही फिरत राहा, मी फोन करतो." फिरत राहा! सांगायला काय जातंय? पहाटे चारपासून स्टिअरिंगवर बसलेला माणूस रिकामी बस घेऊन दोन-दोन, तीन-तीन तास त्याच चार रस्त्यांवर घिरट्या घालायचा. कंबर धरायची, डोळे चुरचुरायचे, साधं लघवीला जायचं म्हटलं तरी पंचाईत.

त्याचे दोन नियम होते. पहिला, चाक फिरत असताना फोन हातात घ्यायचा नाही. मॅनेजरचा फोन वाजला की प्रवासी तयार आहेत एवढं समजायचं आणि निघायचं, उचलायचा नाही. दुसरा, गाडी भलत्या जागी लावायची नाही आणि सोडून जायचं तर नाहीच नाही. ज्यानं त्याला गाडी शिकवली तो म्हातारा म्हणायचा, ड्रायव्हर उतरून गेला की गाडी पोरकी होते. पोरक्या गाडीला कुणीही येऊन साखळी लावतो. एकतीस वर्षांत त्यानं हे दोन्ही नियम पाळले. तरी अलीकडं दोनदा पुढच्या गाडीमुळं चौकातल्या, थांबायला मनाई असलेल्या पिवळ्या पट्ट्यात अडकला, त्याच्या लायसन्सवर दोन नोंदी झाल्या. तिसरी झाली की लायसन्स तीन महिने बंद, म्हणजे तीन महिने घरी बसायचं.

आणि याच दोन नियमांपायी सख्ख्या बहिणीनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामाला, त्यामुळं याला कडेवर घेऊन हिंडली ती ताईच. आता तो शहाण्णव किलोचा आहे, दोन मुलींचा बाप आहे, तरी ती त्याला बारक्याच म्हणायची. तिचे यजमान, म्हणजे याचे दाजी, शिंपी होते. देवमाणूस. याला बसचं लायसन्स मिळालं तेव्हा पहिला शर्ट दाजींनी शिवून दिला. दोन खिशांचा, डाव्या खिशाला झाकण, कागद पडू नयेत म्हणून. त्यानंतर दर वर्षी एक शर्ट, मापं न घेता. "पोट वाढलंय ते मला फोनवर आवाजावरून कळतं," असं म्हणायचे. याच शहरात एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्यांचं घर, आणि रस्त्याकडच्या खिडकीशी शिलाई मशीन.

दीड वर्षापूर्वी दाजी अंथरुणाला खिळले. एक दिवस सकाळी भाचीचा फोन आला, "मामा, बाबा तुझी आठवण काढतायत. आज येऊन जा, उद्याचं काही सांगता येत नाही." योगायोग असा की त्या दिवशी बस याच शहरात होती. प्रवाशांना म्युझियमपाशी सोडून तो तडक ताईच्या रस्त्यावर गेला. आणि तिथं जागा नव्हती. एका फेरीला बारा मिनिटं लागत होती. दर फेरीला वाटायचं, आता पुढच्या फेरीला कुणीतरी निघेल. कुणीसुद्धा निघालं नाही. दोन तासांनी मॅनेजरचा फोन वाजला आणि तो प्रवाशांना घेऊन तीनशे किलोमीटर पुढं गेला. दाजी पहाटे गेले.

तो चार दिवसांनी पोचला. घर माणसांनी भरलेलं. ताईनं वर बघून एवढंच विचारलं, "त्या दिवशी कुठं होतास?"

आता इथं एखाद्या बोलक्या माणसानं सगळं सांगितलं असतं. हा बोलण्यात पहिल्यापासून कच्चा. तोंडातून तीनच शब्द निघाले, "पार्किंग मिळालं नाही."

ताई म्हणाली, "माझं माणूस गेलं, आणि तू मला पार्किंग सांगतोस?"

त्यानंतर बोलणं बंद. नातेवाइकांना मात्र चघळायला विषय मिळाला. कुणी लग्नाला आलं नाही की ते म्हणणार, "पार्किंग मिळालं नसेल!" आणि खो-खो हसणार. मधे एकदा तो रजा काढून रेल्वेनं ताईकडं गेला. भाचीनं दार किलकिलं करून सांगितलं, आई झोपलीय. तो जिन्यात तासभर बसला. आतून ताईच्या खोकल्याचा आवाज येत होता. मग उठून परत आला.

अशात काल भाचीचा फोन आला. "मामा, हे घर सोडतोय आम्ही. आई कायमची माझ्याकडं येतेय राहायला, फार लांब. उद्या चारला गाडी येईल. तुला कळवू नको म्हणून तिनं बजावलंय, म्हणून कळवतेय."

आज बस पुन्हा याच शहरात होती. म्हणजे जे काही व्हायचं ते चारच्या आत. नाहीतर ताई एका टोकाला, हा दुसऱ्या टोकाला, आणि मधे ते तीन शब्द.

एक वाजता त्यानं प्रवाशांना म्युझियमपाशी उतरवलं. मॅनेजर म्हणाला, "फिरत राहा, साडेतीनला फोन करतो." पावणेदोनला तो ताईच्या रस्त्यावर होता. अंगात दाजींनी शिवलेला शेवटचा शर्ट, कोपरावर विरलेला. रस्ता एकेरी, दोन्ही बाजूंना कार एकीला एक चिकटून उभ्या. पाचेक कार निघाल्या असत्या तर याची एक बस मावली असती. पण पाच कारवाल्यांना एकाच वेळी सुबुद्धी होणार कशी? कोपऱ्यावर वाहतूक पोलीस. बस दिसली की फुर्र करून शिट्टी, "चला, चला, पुढं घ्या!" बँकेच्या कोपऱ्यावरून डावीकडं, शाळेवरून डावीकडं, मग सिग्नल, मग पुन्हा ताईचा रस्ता. पहिली फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला इमारतीच्या दारात बांधलेली गाठोडी आणि एक कपाट दिसलं. सातव्या फेरीला सव्वातीन होत आले, आणि त्याला कळून चुकलं की आजही तेच होणार आहे. सगळं तेच. पाय ब्रेकवर होता आणि तो एवढा थकला होता की सिग्नलला डोकं स्टिअरिंगवर टेकून तिथंच झोपावंसं वाटलं.

सिग्नल लाल झाला. आकडा दाखवत होता नव्वद सेकंद. त्यानं हँडब्रेक ओढला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा ड्रायव्हरच्या सीटवर बसून फोन लावला.

"मामा! कुठंयस? ये ना वर!"

"खालीच आहे. जागा नाही गं."

"मामा, पुन्हा तेच?"

मागून ताईचा आवाज आला, चांगला खणखणीत, "काय म्हणतोय? पार्किंग नाही ना? सांग त्याला, आम्हाला ठाऊक होतं!"

हा काही बोलणार तोच फोन ताईनंच हिसकावून घेतला. दीड वर्षानं तिचा आवाज थेट त्याच्या कानात. "ऐक रे. मी खाली येतेय. मला दाखव तुझं ते पार्किंग. कुठं जागा नसते ते या डोळ्यांनी बघू दे एकदा. आणि मला जर जागा दिसली ना बारक्या, तर मेल्या, पुन्हा तोंड दाखवू नकोस."

हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्नचा कल्ला केला.

इमारतीच्या दारात त्यानं बस रस्त्यातच थांबवली. ताई पर्स छातीशी धरून उभी होती, भाचीनं दंडाला धरलेली. केवढी वाळली होती. मागून हॉर्न, कोपऱ्यावरून शिट्टी. दार उघडलं, त्यानं हात पुढं केला. तिनं तो बघितलासुद्धा नाही, दांडीला धरून तीन पायऱ्या चढली आणि पुढच्या सीटवर धपकन बसली. "चल," ती म्हणाली. भाची खालीच राहिली. एकतीस वर्षांत ताई त्याच्या बसमध्ये बसली ती ही अशी.

पन्नास सीटच्या गाडीत दोन माणसं. शंभर पावलं गेले नसतील, तेवढ्यात ताईनं बोट दाखवलं. "ती काय, जागा! दिसत नाही? का डोळे गेले?"

"ती कारची. आपली चाळीस फूट आहे."

"मग तिथं. एवढी मोकळी पडलीय."

"ते आगीच्या बंबाचं फाटक."

"आणि हे?"

"दवाखान्याचं. ॲम्ब्युलन्स येते."

"ते झाडाखाली?"

"तिथं वळायलाच जमत नाही, ताई. एकदा गेलो होतो, दीड तास अडकलो."

ताईचं बोट हळूहळू खाली आलं. तिनं मान वळवून रस्त्याची दुसरी बाजूही नीट बघितली, अगदी भाजी निवडल्यासारखी. तिकडंही काही नव्हतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मग तेव्हा हे सांगायचंस. मला वाटलं, लांब कुठंतरी होतास आणि यायचा कंटाळा केलास. वर पार्किंगचं निमित्त."

"लांब नव्हतो. इथंच होतो."

"इथं म्हणजे?"

"इथंच. याच रस्त्यानं. फिरत होतो."

"किती वेळ?"

"अकरा फेऱ्या झाल्या. मग फोन आला."

ताई त्याच्याकडं बघत राहिली. "अकरा फेऱ्या माझ्या दारावरून मारल्यास? आणि एक फोन करावासा वाटला नाही तुला? खिडकीशी या म्हणून? निदान त्यांनी तुला बघितलं तरी असतं!"

"गाडी चालवताना मी फोन घेत नाही," तो म्हणाला. आणि हे म्हणताना त्याला स्वतःचीच इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की त्यानं मान फिरवून उगाच उजव्या आरशात बघितलं.

"धन्य आहे तुझी," ताई म्हणाली. "डोक्यात काय भुसा भरलाय का रे?"

तेवढ्यात बँकेचा कोपरा आला. बँकेची इमारत खालपासून वरपर्यंत काचेची. बस वळायला लागली तशी समोरच्या काचेत अख्खी दिसू लागली. आधी तोंड, मग मान, मग ठिपक्याठिपक्यांचं अंग, शेवटी शेपटी. ताई पुढं वाकून बघायला लागली.

"हे काय काढलंय गाडीवर?"

"जिराफ. मालकाच्या नातीचा हट्ट."

शाळा गेली. सिग्नल आला, लाल होता. त्यानं वळून बघितलं तर तिनं पदराचं टोक तोंडात धरलेलं.

"ताई? काय होतंय? पाणी देऊ?"

"तेव्हाही होता?" तिनं विचारलं. "हा जिराफ. त्या दिवशी."

"होता की. नवीनच रंगवला होता."

"ते खिडकीशी होते रे," ताई म्हणाली. "त्यांची कॉट मी मशीनच्या जागी लावली होती, रस्ता दिसावा म्हणून. जेवणं झाल्यावर मला हाक मारून म्हणाले, अगं, जिराफ गेला बघ. मला वाटलं ताप डोक्यात गेला. कपाळावर ओली घडी ठेवली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, तो बघ, परत आला. मी म्हटलं, हो हो, आला. पुन्हा आला, पुन्हा आला, असं दोन तास चाललं होतं त्यांचं. मी रडायला लागले. ते मात्र हसत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसत होते."

हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवत होते. त्यानं गाडी हलवली, पण ती कशी हलवली ते त्याला नंतर आठवलं नाही.

"शेवटी म्हणाले," ताई सांगत होती, "बिचारा केव्हाचा हिंडतोय, टेकायला जागा नाही त्याला. वर बोलाव, चहा पाज. मी म्हटलं, बोलावते, तुम्ही झोपा आता. एवढं खिडकीतून वाकून बघायचं होतं मला. दोन पावलं होती. मी गेले नाही. दीड वर्ष मी तुला शिव्या घालतेय, आणि वाकून बघितलं नाही ते मीच."

समोर ताईची इमारत आली. दारात गाठोडी, कपाट, आणि वर दुसऱ्या मजल्यावर ती खिडकी, पडदा काढून टाकलेली. तिच्या बरोबर खाली खांबावर गाड्या लावू नका म्हणून लाल पाटी. त्यानं ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. मग इंजिन बंद केलं. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न, आरडाओरडा. साडेतीन झाले होते. डॅशबोर्डवर मॅनेजरचा फोन वाजायला लागला. त्यानं तो उचलला नाही, आणि निघालाही नाही.

"काय करतोयस?" ताई म्हणाली. "इथं चालतं का लावलेली?"

"नाही चालत."

"मग रे?"

"चहा आहे का वर?" त्यानं विचारलं.

"भांडी बांधलीत सगळी," ताई म्हणाली. मग डोळे पुसले आणि उठली. "सोडते त्यातलं एक गाठोडं. चल."

त्यानं किल्ली काढली, डाव्या खिशात टाकली आणि वरचं झाकण बोटानं दाबून बसवलं. दार उघडलं. खाली शिट्टी वाजवत वाहतूक पोलीस पोचलाच होता, हातात पावतीपुस्तक. "ओ ड्रायव्हर! अक्कल गहाण टाकलीय का? सगळा रस्ता अडवलाय! पाटी वाचता येत नाही?"

तो पायरीवरच थिजला. पोलिसाला काय सांगावं ते त्याला सुचेना. त्याला कधीच सुचत नसे. ताई त्याला बाजूला सारून पुढं आली, दांडीला धरून तीन पायऱ्या उतरली आणि पोलिसासमोर जाऊन उभी राहिली.

"माझा भाऊ आहे तो," ती म्हणाली. "माझ्याकडं आलाय."

"अहो आजी, आलाय तर येऊ दे ना! पण गाडी नीट पार्किंगमध्ये लावायची की नाही?"

ताईनं एकदा त्या लांबच लांब जिराफाकडं बघितलं, एकदा वरच्या खिडकीकडं.

"पार्किंग मिळालं नाही हो त्याला," ती म्हणाली.